भुजलीची चाबी

चिचगड,
मंगळवार

प्रिय गोमती,

तुझं नाव लिहिताना हात अडखळला. आठवीच्या श्रावणात आपण भुजली बदलली तेव्हा ठरलं होतं, यापुढे एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, भुजली म्हणूनच हाक मारायची. हा नेम मी एकदा मोडला. कुठे आणि कधी, ते तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणून भुजली लिहून सुरुवात करायची माझी छाती होत नाही. पत्र संपेपर्यंत झाली तर बघू.

फोनवर बोलले असते, पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचलावास असं मी काही केलेलंही नाही. मोबाइलवर लिहायला घेतलं की चार ओळी लिहिते आणि पाच पुसते. कागदावर खोडलेलं दिसत राहतं. दिसू दे. वर्गात पोरींना मीच सांगते, गणित चुकलं तर पान फाडू नका, चुकलेलं तसंच ठेवा, म्हणजे कुठे चुकलं ते कळतं. सांगायला काय जातं.

मागच्या रविवारी मी कामठ्याला तुझ्या दारात आले, तेव्हा तू भाताच्या रोवणीवरून नुकतीच परतली होतीस. पिंडऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लास्टिकची खोळ. मला पाहून तू थांबलीस, पाय धुतलेस, आतून लोटाभर पाणी आणून दिलंस आणि म्हणालीस, मॅडम, बसा खाटेवर. मॅडम. तू शिव्या दिल्या असत्यास तरी मला इतकं लागलं नसतं. मग मी सुरू झाले. पुष्पांजलीचं नाव आपल्या शाळेच्या दुसऱ्या यादीत आलंय, आठ दिवसांनी सोमवारी पाच वाजेपर्यंत तिला घेऊन यायचंय, नाही आलीस तर जागा खालच्या नंबरच्या मुलीला जाईल. नवीन वसतिगृह झालंय, उन्हावर तापणारं पाणी आहे, संगणकाची खोली आहे, दोन पोरींमागे एक कपाट आहे. विमा एजंट बोलतो तशी मी बोलत होते. तू चुलीवर चहा ठेवलास. चहा झाल्यावर एवढंच म्हणालीस, पोरीले मी नाही पाठवत, तिथं पेटी फोडतेत.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. एका वाक्याचं उत्तर. ते घेऊनच मी गोंदियाहून बसमध्ये बसले होते, वाटभर ते मनात घोळवत होते. आणि तुझ्यासमोर माझी जीभ टाळूला चिकटली. मी काय म्हणाले माहीत आहे? आता पेट्या नसतात, कपाटं असतात. असं म्हणाले मी. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

तुझी पोरगी तेव्हा उंबऱ्यावर बसून खडूने फरशीवर आकडे मांडत होती. सहज म्हणून तिला एक गणित घातलं, तर माझं सांगून व्हायच्या आतच उत्तर देऊन मोकळी झाली. आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं घाला ना, थांबल्या काऊन. तोच तुझा चेहरा. तशीच डावी भुवई वर. मी उठले. उठताना कोपऱ्यात पेटी दिसली. हिरवी, तीच. त्यात तुम्ही बियाणं ठेवता वाटतं. कोयंडा अजून नाही, सुतळीने बांधलेली. मी पायात चपला घालताना दोनदा चुकले.

आपली शाळा तुला आठवते का, की तू ती पुसून टाकलीस? मला तर रोज तिथेच जायचं असतं, पगार घ्यायला, त्यामुळे पुसायची सोय नाही. आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा अजून आहे. पाचला तो वाजायचा आणि पन्नास पोरी हौदाकडे पळायच्या, कारण पहिल्या दहा जणींनाच स्वच्छ पाणी मिळायचं. थंडीत ते पाणी अंगावर घेताना आपण दोघी पाढे म्हणायचो, तू एकोणतीसचा, मी तेराचा अडखळत. मग प्रार्थना, मग ताट घेऊन रांग. ताटाच्या कडेला खिळ्याने कोरलेली नावं. वरण असं की ताटात आपलं तोंड दिसायचं. पण धुरपताबाई वाढायला असली की डाव कुठवर घालायचा ते ती माणूस पाहून ठरवायची. घरून परत आलेली पोरगी दिसली की तिचा डाव पातेल्याच्या तळापर्यंत जायचा. चार दिवस ती त्या पोरीला खालचं घट्ट वरण द्यायची, पाचव्या दिवसापासून वरचं पाणी. म्हणायची, आता रडून झालं, आता शाळा शिका.

पाचवीत आपण आलो तेव्हा किती रडलो. तू रडायची नाहीस, हे खरं. तू उशाला आईचं जुनं लुगडं घेऊन झोपायचीस आणि कोणी हात लावला तर चावायचीस. मी मात्र दर रविवारी. रविवारी डोक्याला तेल, उवा, कपडे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पालक. माझे बाबा बोदलकसा तलावाच्या खालच्या आमच्या गावाहून तीन बस बदलून यायचे, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि फाटकातूनच विचारायचे, पहिला नंबर ना? तुझे परसरामबाबा मात्र फाटकात उभे राहून दोन्ही हातांची ओंजळ करून तोंडाने टिटवीसारखा आवाज काढायचे, आणि तू जिथे असशील तिथून धावत सुटायचीस. सगळ्या पोरी हसायच्या. मलाही हसू यायचं. आणि खरं सांगू, हेवाही वाटायचा, तो मला आत्ता लिहिताना कळतो आहे.

आणि पेटी. बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही की पेटी म्हणजे काय. ताट शाळेचं, गादी शाळेची, वेळ शाळेची. आपली म्हणून एक पेटीच. त्यात घरचा चिवडा, भावाचा फोटो, फुटका आरसा, आणि झाकण उघडलं की घरचा वास. तिची चाबी काळ्या दोऱ्यात गळ्यात. आंघोळीलाही काढायची नाही. गळ्याशी हिरवट डाग पडायचा, सगळ्याच पोरींना. सुट्टीत घरी गेलं की आया तो चोळून काढायच्या.

भुजलीची रीत सालेकशाकडच्या छत्तीसगडी बोलणाऱ्या पोरींनी आणली. नागपंचमीला मेसच्या फुटक्या वाट्यांत माती घालून गहू पेरायचे, अंधारात झाकून ठेवायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तोडून जिच्याशी जन्माची मैत्री करायची तिच्या कानात खोवायचे. मग ती भुजली. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याशी खोटं बोलायचं नाही. गावाकडे एवढंच असतं. वसतिगृहात आपण पोरींनी त्यात भर घातली, की भुजलीने भुजलीची चाबी घालायची. तुझी माझ्या गळ्यात, माझी तुझ्या. स्वतःची पेटी उघडायची तर भुजलीला हाक मारायची. अधीक्षिकाबाईंना हे कधी कळलं नाही, त्यांच्या लेखी जिची पेटी तिची चाबी. पण पन्नास पोरींना पाठ होतं, कोणाची चाबी कोणाच्या गळ्यात आहे ते.

आता गणिताचं सांगते, कारण मूळ तिथे आहे. तू माझ्यापेक्षा हुशार होतीस. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे. मी पाठ करायची, तुला दिसायचं. परसरामबाबा तुमच्या गावच्या तलावाचे पाणकर. दिवाळीआधी तलावाचं तुडूम उघडून पाट सुरू झाला की कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि गावाने मान खाली घालून ऐकायचं. तू पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्यासोबत पाळीवर, तलावाच्या बांधावर, फिरलेली. अर्धा पाट, पाव पाट, वरच्याला इतकं तर खालच्याला किती. अपूर्णांक तुला चंद्रकुमार सरांनी नाही, पाण्याने शिकवले. नववीच्या पहिल्या घटक चाचणीत तू पहिली आलीस, मी दुसरी. सरांनी तुझी वही वर्गभर फिरवली. मी टाळ्या वाजवल्या, तुला मिठी मारली, ती मिठी खोटी नव्हती गं. पण त्या रविवारी बाबा आले. फाटकातून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, पाणकराच्या पोरीनं मागं टाकलं तुले? आईने दिलेला करंज्यांचा डबा त्यांच्या पिशवीत होता, मला वरून दिसत होता. तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. तसाच घेऊन परत गेले. जाताना एवढंच बोलले की सहामाहीत असाच नंबर राहिला तर दहावीनंतर शिकून काय दिवे लावणार आहेस.

यात बाबांना दोष देऊन सुटायचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. चौदा वर्षांची पोर, बापाचा धाक, असं सगळं. पण वर्गात आणखीही पोरी होत्या, त्यांनाही बाप होते. त्यांनी नाही केलं, मी केलं.

गुरुवारी हजेरीचं पुस्तक ठेवायला मी मोठ्या सरांच्या खोलीत गेले. मी मॉनिटर, मला कोण विचारतं. खुर्चीवर सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे होते, देवरीहून छापून आलेले. नववी गणिताच्या गठ्ठ्याची सुतळी सैल होती. मी एक पत्रिका ओढली, चार घड्या घातल्या आणि फ्रॉकच्या आत सारली. हे करताना माझे हात थरथरले नाहीत. थरथरले असते तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

वसतिगृहात आले तर तू हौदावर कपडे धूत होतीस. माझी पेटी उघडायची तर तुला हाक मारायला हवी होती. तुझी पेटी उघडायची तर माझा हात गळ्याशी न्यायचा एवढंच. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की घाई होती, चाबी हाताशी होती म्हणून तुझ्या पेटीत ठेवली, संध्याकाळी काढणारच होते. खोटं आहे. तुला पेटीसाठी हाक मारली असती तर तू आलीच असतीस, आणि काय ठेवते आहेस हे विचारलंही नसतंस. तुझी पेटी उघडताना माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ विचार होता की सापडलं तर माझ्याकडे सापडणार नाही. पेटीच्या तळाशी तू वर्तमानपत्र घातलं होतंस, त्याखाली मी ती ठेवली. वर परसरामबाबांनी आणलेली कुरमुऱ्यांची पुरचुंडी होती. ती उचलून परत तशीच ठेवली.

शनिवारी गठ्ठा मोजला तर एक पत्रिका कमी. सगळ्या पोरींना व्हरांड्यात उभं केलं, प्रत्येकीने आपापली पेटी समोर ठेवायची. तुला आठवतं, पोरी हळूच मागून एकमेकींच्या हातात चाब्या सरकवत होत्या. माझी पेटी तुझ्या आधी होती. तू दोरा काढलास, माझ्या पाठीमागून माझी चाबी माझ्या हातात दिलीस, मी पेटी उघडली, बाईंनी कपडे उलटेपालटे केले आणि पुढे गेल्या. आता तुझी पाळी. तू हात मागे केलास, तळवा उघडा. मी तुझी चाबी द्यायची एवढंच काम होतं. माझी मूठ उघडली नाही. मला वाटलं, नाही उघडली पेटी तर बाई कंटाळून पुढे जातील. काय अक्कल. बाईंनी विचारलं, ही कोणाची पेटी? तू काही बोलायच्या आत मी म्हणाले, गोमतीची.

वर्षभरानंतर पहिल्यांदा मी तुझं नाव घेतलं. तू माझ्याकडे वळून पाहिलंस आणि तुला सगळं कळलं. पेटीत काय आहे ते तुला अजून माहीत नव्हतं, पण मी नाव घेतलं म्हणजे काय झालं असणार ते तुला कळलं. मोठ्या सरांनी विचारलं, चाबी कोणाकडे आहे? तू फक्त माझं नाव सांगायचं होतंस. तू ते घेतलं नाहीस. म्हणालीस, हरवली. शिपायाने पहार आणून कोयंडा तोडला. दोन घाव घातले, तिसऱ्याला झाकणच वाकडं झालं. सगळ्या पोरींना ठाऊक होतं की तुझी चाबी माझ्या गळ्यात आहे. एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. चंद्रकुमार सर तेवढे म्हणाले, हिला कशाला लागते पत्रिका, ही तर पत्रिकेतल्या चुका काढेल. मोठ्या सरांनी त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी परसरामबाबा आले. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं कशासाठी बोलावलं आहे. त्यांना वाटलं तुझा सत्कार असेल, घटक चाचणीचा. तलावातले शिंगाडे आणले होते, टोपलीभर, उकडून, अजून कोमट. ऑफिसात जायच्या आधी त्यांनी व्हरांड्यात बसून पोरींना वाटले. मी खांबाआड होते, तर मला हाक मारून बोलावलं, म्हणाले, ये व माय, माज्या पोरीची भुजली ना तू, आणि माझ्या ओंजळीत दोन मुठी टाकले. मी ते खाल्ले. बाबा आत गेले आणि मी खांबाशी उभी राहून सोलून सोलून सगळे खाल्ले. त्यानंतर आजवर मी शिंगाड्याला हात लावलेला नाही, पण त्याने कोणाचं काय भलं झालं.

मग ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तुझा दाखला होता. वर्तणूक असमाधानकारक, असा शेरा. टोपली व्हरांड्यातच राहिली. वाकडी पेटी त्यांनी सुतळीने बांधली, डोक्यावर घेतली, आणि तुम्ही दोघं फाटकातून बसच्या रस्त्याला लागलात. तू मागे वळून पाहिलं नाहीस. गणिताची पत्रिका बदलली, मी पहिली आले. बाबांनी पेढे आणले. पुढे दहावी, बारावी, डी.एड., बी.एस्सी., आणि फिरून याच शाळेत गणिताची मॅडम. तू त्या दाखल्यामुळे कुठल्याच शाळेत घेतली गेली नाहीस, हे मला दोन वर्षांनी कळलं. तुझ्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली होती. परसरामबाबांनीच धाडली होती, वर त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, भुजलीस. मी परीक्षा आहे म्हणून कळवलं. परीक्षा नव्हती.

हे सगळं तुला नवीन नाही. तुला बावीस गोष्टींपैकी एकवीस तेव्हाच कळल्या होत्या. मला जे नवीन होतं ते तू रविवारी सांगितलंस, मला बसपर्यंत पोचवायला आलीस तेव्हा. भाजीची पिशवी माझ्या हातात देताना तू सहज बोललीस, की बाबा दोन साल झाले खाटेवर आहेत. त्या साली शाळेतून आले आणि आठ दिवसांत पाणकरकी सोडली. गाव पाया पडलं, सोडू नका म्हणून. तर म्हणाले, ज्याच्या घरात चोरी निघाली त्यानं लोकायच्या पाण्याची वाटणी काऊन करावी, उद्या एखाद्या बांधीत पाणी कमी पडलं तर लोक काय म्हणतील. पुन्हा पाळीवर पाय ठेवला नाही. आणि तू म्हणालीस, बाबानं आजपर्यंत मले इचारलं नाही, काऊन केलंस म्हणून. एकदा इचारलं असतं तर बरं झालं असतं. मग बस आली. मी बसले. खिडकीतून हात हलवला, लाज नाही मला.

म्हणजे तू त्यांनाही सांगितलं नाहीस. एवढ्या वर्षांत बापालाही नाही. सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी तुझं नाव घेऊन सुटले आणि तू माझं न घेता जन्मभर अडकलीस. पोरांनी खेळात केलेला नेम, तो तू असा पाळशील हे मला कधी वाटलंच नव्हतं. भुजली, तू वेडी आहेस. बघ, आलं तोंडात.

काल मी सध्याच्या मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं, माझ्या नावानिशी. तुझ्या जुन्या शेऱ्याची दुरुस्ती व्हावी आणि माझी चौकशी व्हावी, असं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, छोडो ना मॅडम, इतनी पुरानी बात, कशाला उकरून काढता. मी म्हटलं, आवक क्रमांक टाका. टाकला. त्याची प्रत सोबत ठेवली आहे, शिक्का दिसेल. काय व्हायचं ते होवो. नोकरीला धक्का लागला तर लागो, घरी यांना सांगून झालंय. यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलंय, तेही ठीकच. पुष्पांजलीला पाठवायचं की नाही ते तू ठरव. सोमवारी पाचपर्यंत वेळ आहे. सहावीचं गणित माझ्याकडे नसतं आणि फाटकाजवळ मी उभी राहणार नाही, तुझी इच्छा नसेल तर ती पोर मला ओळखणारही नाही. एवढंच सांगते, तिची जागा माझ्या पापापायी जाऊ देऊ नकोस. एक जागा गेली तेवढी पुरे. वसतिगृहातल्या पोरींनी यंदाही वाट्यांत गहू पेरलेत, कपाटांच्या चाब्या अजून बदलतात. मी अडवत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. येत्या रविवारी मी तुझ्या माहेरी जाणार आहे, परसरामबाबांच्या खाटेशी बसून, त्यांना ऐकू येईल अशा आवाजात हे सगळं सांगणार आहे, आणि ते म्हणतील तर तलावाच्या पाळीवर चार माणसांत सांगणार आहे. पण माझा माझ्यावर भरवसा नाही. एकवीस वर्षं मी दारापर्यंत जाऊन परत फिरते आहे. मागच्या रविवारी तुझ्या दारातून फिरले, तसं तिथेही त्यांनी ये व माय म्हटलं की माझी जीभ चिकटेल आणि मी तब्येतीची चौकशी करून, चहा पिऊन परत येईन. म्हणून आधीच हा कागद तुझ्या हातात देते आहे, म्हणजे मला पळायला जागा राहणार नाही. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळेल, रविवारी तूही माहेरी ये. रविवारी दुपारी बारापर्यंत मी तिथे पोचले नाही, किंवा पोचून गप्प बसले, तर तू ते बाबांना वाचून दाखव. सगळं, पहिल्या ओळीपासून. आणि माझं नाव मोठ्याने घे. नेम मीच मोडला होता, तुला दोष लागत नाही. पाकिटात तुझ्या पेटीची चाबी आहे. कुलूप तेव्हाच तुटलं, ती आता कशालाच लागणार नाही. पण तू मागितली होतीस, मागे हात करून, आणि मी दिली नव्हती.

तुझीच,
हर्षिता